थंडीतील अळी आणि फवारणीचा हिशेब

(जबलपूर शहरातील महाराजपूर येथे मराठी भाषक नागरिक, बागप्रेमी व कृषी शाखेचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



किडींविषयी बोलण्याचा पहिला अधिकार कीटकशास्त्रज्ञांचा आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने हरभऱ्यावरील घाटेअळीवर किंवा कोबीच्या वाफ्यातील अळ्यांवर भाषण करावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटले असेल. तथापि, १९५९ साली स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या कॅलिफोर्नियातील चार कीटकशास्त्रज्ञांनी एकात्मिक नियंत्रणाची संकल्पना मांडली, तेव्हा तिच्या केंद्रस्थानी त्यांनी जो विचार ठेवला तो आमच्या शास्त्रातला होता. किडीमुळे होणारे नुकसान ज्या टप्प्याला नियंत्रणाच्या खर्चाइतके होते, ती आर्थिक नुकसानीची पातळी. कीड या पातळीपर्यंत पोचण्याआधी उपाय करता यावा म्हणून तिच्या थोडी खाली संकेत पातळी ठरवतात. किडीची संख्या संकेत पातळीच्या खाली असेल, तर ती डोळ्यांना दिसत असूनही तिच्यावर पैसा खर्च करणे तोट्याचे ठरते. हा विचार आपल्या कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत बराच काळ छापला जात आहे. शेतात मात्र तो क्वचितच उतरतो. तो का उतरत नाही, हाच माझ्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

जबलपूरचा हिवाळा

जबलपूर जिल्हा आणि हिवाळी पिके यांचे नाते जुने आहे. या भागातील भारी काळ्या जमिनीत 'हवेली' नावाची पद्धत होती. शेताला उंच बांध घालायचे, पावसाळाभर पाणी त्यातच साठवायचे, खरिपात काहीही पेरायचे नाही, आणि पावसाळा सरल्यावर पाणी सोडून देऊन त्या ओलीवर हरभरा, मसूर, गहू घ्यायचा. चार महिने पाण्याखाली राहिलेल्या जमिनीत तण फारसे उरत नसे. पुढे सोयाबीन आले, सिंचन वाढले आणि हवेली मागे पडली. आज या जिल्ह्याची बाजारातील ओळख हिरव्या वाटाण्यामुळे आहे. 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत जबलपूरसाठी निवडलेले पीकही वाटाणाच. येथील जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने दिलेले हरभऱ्याचे 'जेजी' मालिकेतील वाण तर विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांनाही परिचित आहेत. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. राज्ये वेगळी झाली तरी पिकेही तीच राहिली आणि अळ्याही.

या मोसमातील अळ्यांचे तीन-चार प्रकार आपल्याला पुरेसे आहेत. पहिली रोपे कुरतडणारी अळी. ही दिवसा ढेकळाखाली किंवा जमिनीच्या भेगेत दडून बसते आणि रात्री बाहेर येऊन कोवळे रोप जमिनीलगत कापते. सकाळी वाफ्यात आडवी पडलेली रोपे दिसली की शेतकरी पाखरांना दोष देतो. वास्तविक रोपाशेजारची माती दोन बोटे उकरली तर काळपट, गुळगुळीत, वेटोळे करून पडलेली अळी हाती लागते. बिहारमधील मोकामा टाल या डाळींच्या पट्ट्यात गंगेचे पाणी ओसरल्यावर या अळीचा मोठा उपद्रव होई. त्यावर वुडहाउस आणि फ्लेचर यांनी १९१२ मध्येच लेख लिहिला, आणि तेथे पतंग पकडण्याच्या सापळ्यांचे प्रयोगही झाले. पाण्याखालून मोकळ्या झालेल्या ओलसर जमिनीकडे या किडीचा पतंग ओढला जातो, हे त्या अनुभवातून दिसते. म्हणून जेथे पाणी उशिरा निघते, तेथे पेरणीनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत शेतावर बारीक नजर ठेवावी लागते.

दुसरी, अर्थातच, घाटेअळी. हरभरा, तूर, कापूस, टोमॅटो, वाटाणा असे जवळपास काहीच तिला वर्ज्य नाही. तिसरा, कोबी-फुलकोबीवरील चौकोनी ठिपक्याचा पतंग. चौथी, तंबाखूची पाने खाणारी अळी. तिची अंडी पुंजक्याने असतात, त्यामुळे ती वेळीच दिसली तर पानासकट खुडून टाकता येते. थंडी वाढली की या सर्वांची वाढ मंदावते आणि एका पिढीला जास्त दिवस लागतात. हा मंद काळ शेतकऱ्याला मिळालेली सवलतच आहे. अळी लहान असताना तिला गाठण्यासाठी एरवी दोन-चार दिवस मिळतात, ते थंडीत अधिक मिळतात. मावठा होऊन गेल्यावर, आभाळ भरून राहिले की गावोगावी फवारणीचे पंप बाहेर निघतात. आभाळ पाहून फवारणी करण्याची ही सवय महागडी आहे.

एका अळीची किंमत

किती महागडी, ते उदाहरणाने पाहू. आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत.

एक एकर हरभरा, दोन ओळींत ३० सेंटीमीटर अंतर. म्हणजे शेतात सुमारे १३,५०० मीटर लांबीच्या ओळी झाल्या. घाटेअळी आपल्या आयुष्यात साधारण ३० ते ४० घाट्यांचे नुकसान करते, असे कृषी विभागाच्या पत्रकांत सांगितलेले असते. आपण ३० धरू. एका घाट्यातील दाण्यांचे वजन पाव ग्रॅम धरले, तर एक अळी साडेसात ग्रॅम हरभरा खाते. मीटरला एक अळी असेल तर एकरात सुमारे १०० किलो. पण सगळ्या अळ्या मोठ्या होत नाहीत. कॅम्पोलेटिस नावाची एक बारीक गांधीलमाशी हरभऱ्यातील लहान अळ्यांच्या अंगात अंडी घालते, पक्षी अळ्या वेचतात, काही रोगाने मरतात. निम्म्या वाचल्या असे मानू. नुकसान उरले ५० किलो. फवारणीने त्यापैकी तीन चतुर्थांश टळते असे धरले, तर वाचले सुमारे ३८ किलो. किलोला ५५ रुपये भावाने ही बचत दोन हजारांच्या थोडी वर जाते. औषध, पाणी, मजुरी मिळून फवारणीचा खर्च १,२०० रुपये असेल तर ती परवडली.

आता तीन मीटरला एक अळी घ्या. बचत सातशे रुपयांच्या आत येते आणि खर्च तोच १,२०० राहतो. म्हणजे शेतात अळ्या आहेत, नुकसानही होत आहे, आणि तरीही फवारणारा शेतकरी एकरामागे पाचशे रुपये गमावतो. या उदाहरणात नफ्या-तोट्याची सीमा दोन मीटरला एक अळी याच्या किंचित वर येते. हरभऱ्याचा भाव चढला की ती खाली सरकते, मजुरी वाढली की वर. हरभऱ्यासाठी सर्वसाधारण शिफारस मीटरभर ओळीत एक ते दोन अळ्या अशी आहे. ती दगडावरची रेघ नव्हे. भाव आणि मजुरी यांच्यानुसार ती हलते, आणि हलायलाच हवी.

हा हिशेब करण्यासाठी एकच गोष्ट लागते, ती म्हणजे अळ्या मोजणे. शेतात तिरपे चालत जावे, वीस ठिकाणी मीटरभर ओळ पाहावी, झाडे हलक्या हाताने हलवून खाली पडलेल्या अळ्याही मोजाव्यात आणि सरासरी काढावी. जाणकाराला याला अर्धा तास पुरतो. अर्ध्या तासाच्या मजुरीत हजारो रुपयांचा निर्णय सुधारतो, असे दुसरे काम शेतीत मला तरी माहीत नाही. मग शेतकरी मोजत का नाही? तो आळशी आहे, अडाणी आहे, अशी उत्तरे आपल्याकडे सहज दिली जातात. मला ती मान्य नाहीत. फवारणी करणारा शेतकरी सरासरी नुकसानाला भीत नाही. शंभरातल्या त्या एका वर्षाला भितो, जेव्हा संपूर्ण पीक हातचे जाते. ज्याच्या डोक्यावर पीककर्ज आहे आणि घरात दुसरे उत्पन्न नाही, तो एकरी पाचशे रुपये विम्याच्या हप्त्यासारखे देतो. त्याचे वागणे तर्कशुद्धच आहे. त्याच्या हाती आलेली माहिती मात्र अपुरी आहे.

सल्ला कोण देतो

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण संघटनेने २००३ मध्ये शेतकरी कुटुंबांच्या स्थितीची जी पाहणी केली, तिच्यात आधुनिक तंत्रज्ञानाची माहिती कोणत्याही स्रोताकडून मिळवणारी कुटुंबे सुमारे ४० टक्केच आढळली. विस्तार कार्यकर्त्याकडून माहिती मिळालेली कुटुंबे ६ टक्क्यांहूनही कमी, तर बियाणे-खते-औषधे विकणाऱ्या दुकानदाराकडून मिळालेली सुमारे १३ टक्के होती. पाहणी जुनी आहे आणि त्यानंतर मोबाइल फोन घरोघरी पोचला आहे. तरीही अळी दिसल्यावर शेतकरी प्रथम कोणाकडे जातो, या प्रश्नाचे उत्तर फारसे बदललेले नाही. दुकानदार वाईट माणूस नसतो. बहुतेक वेळा तो उधारीही देतो. पण 'आज फवारू नका' हा सल्ला ज्याच्या गल्ल्यात काहीच टाकत नाही, त्याच्याकडून तो सल्ला मिळण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

घाटेअळीच्या विषाणूचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. एचएनपीव्ही या नावाने मिळणारे हे द्रावण फक्त याच अळीला रोगी करते. मित्रकीटक, जनावरे, माणसे यांना त्याचा उपद्रव नाही. हेक्टरी २५० ते ५०० अळी-मात्रा, संध्याकाळच्या वेळी, पाण्यात थोडी नीळ घालून फवारायची, कारण उन्हातील अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो. अळी लहान असली तर परिणाम चांगला होतो. मात्र ती मरायला चार ते सात दिवस लागतात. मेलेल्या अळ्या झाडाच्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या दिसतात. पण तोवर शेतकऱ्याचा धीर सुटलेला असतो आणि त्याने दुसरे औषध आणलेले असते. विषाणूचे उत्पादन जिवंत अळ्यांवर करावे लागते, साठवण नाजूक असते, नफा मर्यादित असतो. खासगी बाजाराला त्यात विशेष रस नसावा, हे समजण्यासारखे आहे. जे समाजाला हवे पण बाजाराला परवडत नाही, ते शासनाच्या प्रयोगशाळांनी आणि कृषी विज्ञान केंद्रांनी पुरवायचे असते, आणि ते ऐन डिसेंबरात, वेळेवर पुरवायचे असते. फेब्रुवारीत आलेला विषाणू केवळ खर्चाच्या नोंदीपुरता उपयोगी पडतो.

शेजाऱ्याच्या शेतातील अळी

आतापर्यंतचा हिशेब एका शेतकऱ्याचा झाला. कीड मात्र सातबारा पाहत नाही. येथून पुढे प्रश्न अधिक कठीण होतो.

प्रत्येक फवारणीत संवेदनशील अळ्या मरतात आणि सहनशील अळ्या उरतात. त्या उरलेल्यांची प्रजा वाढत जाते आणि काही वर्षांत औषध निकामी होते. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाने डीडीटीला दाद न देण्याची नोंद जावामध्ये १९५३ मध्येच झाली. भारतात पंजाबातून तशी नोंद १९६८ मध्ये झाली. घाटेअळीच्या बाबतीत आंध्र प्रदेशातील गुंटूर-प्रकाशम् परिसराचा अनुभव भीषण होता. कृत्रिम पायरेथ्रॉइड औषधे आपल्याकडे १९८० च्या सुमारास आली, आणि १९८७-८८ च्या हंगामात तेथील कापसावर ती चालेनाशी झाली. फवारण्या वाढत गेल्या, अळ्या राहिल्या, पीक गेले आणि कर्जे उरली.

औषधाला बळी पडण्याचा किडीचा गुण ही एक सामाईक संपत्ती आहे, असा विचार ह्यूथ आणि रेगेव्ह या अर्थशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडला. गावच्या गायरानासारखीच ती आहे. प्रत्येक अनावश्यक फवारणी तिच्यातला थोडा भाग खर्च करते. त्याची किंमत फवारणारा भरत नाही, पुढच्या वर्षी अख्खा तालुका भरतो. माझ्या मते धोरणकर्त्यांनी या खर्चाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. दुसरा खर्च माणसांच्या देहावर पडतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांतले अनेकजण दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करत होते. फवारायचे की नाही हे ठरवणारा एक आणि श्वासातून विष घेणारा दुसरा, अशी विभागणी झाली की हिशेब आपोआपच चुकतो.

तिसरा खर्च ग्राहकावर. वाटाण्याच्या शेंगा आठ-दहा दिवसांच्या अंतराने तोडल्या जातात. हंगामाच्या सुरुवातीला भाव चढा असतो, नंतर घसरतो. औषधाच्या डब्यावर काढणीपूर्वी इतके दिवस थांबावे असे छापलेले असते, पण ते दिवस भरेपर्यंत भाव थांबत नाही. मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर २००५ मध्येच बंद करण्यात आला, आणि एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. बंदीने एक विष जाते. पण 'आज मोजले, संख्या कमी आहे, थांबा' हे सांगणारी यंत्रणा बंदीने उभी राहत नाही.

अशी यंत्रणा महाराष्ट्रात उभी राहिली, तीही एका संकटामुळे. २००८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीचा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्याने 'क्रॉपसॅप' हा कीड सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राच्या साहाय्याने सुरू केला. त्यात हरभऱ्याचाही समावेश होता. कीड सर्वेक्षकांनी ठरलेल्या गावांत नियमाने किडींची मोजणी करायची, आकडे संगणकावर चढवायचे, विद्यापीठांनी ते पाहून सल्ला द्यायचा आणि तो मोबाइल संदेशाने शेतकऱ्यापर्यंत पोचवायचा, अशी त्याची मूळ रचना. अर्थशास्त्राच्या भाषेत ही सार्वजनिक वस्तू आहे. एका शेतकऱ्याने वापरलेली माहिती दुसऱ्यासाठी कमी होत नाही, आणि म्हणूनच ती विकून कोणाला फारसे मिळवता येत नाही. अशा प्रकल्पाचे यश वाटलेल्या औषधाच्या लिटरांवरून मोजू नये. न झालेल्या फवारण्यांवरून मोजावे. दुर्दैवाने न झालेल्या गोष्टीची नोंद ठेवणारा रकाना आपल्या शासकीय तक्त्यांत नसतो.

महाराजपूरचे भुंगेरे

ज्या महाराजपुरात आपण बसलो आहोत, तेथे तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. १९८९ मध्ये ती राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, आज ती भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे तण संशोधन निदेशालय म्हणून ओळखली जाते. तण आणि अळी यांचा संबंध जवळचा आहे. रोपे कुरतडणाऱ्या अळीचा पतंग चाकवतासारख्या तणांवर अंडी घालतो, आणि तण काढले की भुकेली अळी पिकाकडे वळते. म्हणून पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी शेत स्वच्छ केलेले बरे. उलट बांधावरच्या फुलांवर त्या उपकारक गांधीलमाश्या पोसल्या जातात. हरभऱ्यात धण्याच्या ओळी घेण्याची शिफारस त्यासाठीच आहे. सरसकट सगळे साफ करणे, हाही फवारणीइतकाच आंधळा उपाय होऊ शकतो.

या संस्थेत पाने खाणारे कीटक मुद्दाम वाढवले जातात, हे अनेकांना ठाऊक नसेल. गाजरगवतावर जगणारा मेक्सिकन भुंगेरा १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात भारतात आणला गेला. पावसाळ्यात तो आणि त्याच्या अळ्या गाजरगवताची पाने फस्त करतात. थंडीत तो जमिनीत निद्रिस्त असतो. हा भुंगेरा सूर्यफुलावर आढळल्याने पुढे मोठा वाद झाला, तपासणी झाली आणि तो सुरक्षित असल्याचा निर्वाळा मिळाला. भुंगेरा एकदा स्थिरावला की त्याचे बिल दरवर्षी येत नाही. तो कोणी विकत नाही, म्हणून त्याची जाहिरातही कोणी करत नाही.

परसबाग आणि हिरवळ

शहरातील श्रोत्यांसाठी थोडे सांगतो. घरामागे कोबीची चाळीस रोपे आणि पुढे थोडी हिरवळ असणाऱ्या कुटुंबाला संकेत पातळीचा हिशेब लागू नाही. तेथे मजुरी आपलीच असते आणि भाजी आपल्याच ताटात येते. सकाळच्या चहानंतर दहा मिनिटे पाने उलटून पाहावीत, अंड्यांचे पुंजके आणि अळ्या साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. नवीन रोपाभोवती जाड कागदाची पट्टी जमिनीत बोटभर रोवून गोल उभी केली की कुरतडणारी अळी रोपापर्यंत पोचत नाही. संध्याकाळी वाफ्यात ओल्या गवताचे छोटे ढीग ठेवावेत आणि सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या अळ्या वेचाव्यात. फारच झाले तर पाच टक्के निंबोळी अर्क किंवा बीटी जिवाणूचे द्रावण, अळी लहान असतानाच, संध्याकाळी. जास्त कोबी लावणाऱ्यांनी बंगळूरुच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेची शिफारस अवश्य वापरावी: कोबीच्या दर पंचवीस ओळींनंतर मोहरीच्या दोन ओळी, त्यांपैकी एक कोबीच्या लागवडीआधी पंधरा दिवस आणि दुसरी लागवडीनंतर पंचवीस दिवसांनी. पतंग मोहरीकडे ओढले जातात आणि औषध त्या ओळींपुरतेच वापरावे लागते.

हिरवळीचे काय? हरळी थंडीत आपोआप पिवळी पडते. तिचा तो विसाव्याचा काळ असतो. पिवळा पट्टा दिसताच माळ्याकडून औषध मारून घेणारी घरे मी पाहिली आहेत. शंका असेल तर बादलीभर पाण्यात दोन चमचे भांडी घासण्याचे पातळ साबण मिसळून ते चौरस मीटरभर जागेवर ओतावे आणि दहा मिनिटे थांबावे. अळ्या असतील तर त्या वर येतील. एखाद-दुसरी आली तर साळुंक्या तिचे बघतील.

गावपातळीवर मात्र काम सामुदायिक असावे लागेल. हेक्टरी पाच कामगंध सापळे ही शिफारस घाटेअळीची चाहूल लागण्यासाठी आहे. सलग दोन-तीन रात्री सापळ्यात आठ-दहा पतंग आले की शेतात उतरून मोजणी सुरू करायची. एका सधन शेतकऱ्याने आपल्या शेतात सापळे लावले आणि आकडे स्वतःजवळ ठेवले, तर बाकी गाव पुन्हा आभाळाकडेच पाहणार. सापळे आणि दर तीन-चार आठवड्यांनी बदलायच्या त्यांच्या गोळ्या यांचा खर्च ग्रामपंचायतीने किंवा सहकारी सोसायटीने उचलावा, मोजणीसाठी गावातीलच बारावी झालेल्या दोन मुला-मुलींना हंगामापुरते मानधन द्यावे, आणि रोजचा आकडा पंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहावा. शेजारी तारीख आणि तीनच शब्द: थांबा, मोजा, फवारा. दोनशे एकर हरभरा असलेल्या गावात प्रत्येक एकरावरची एक अनावश्यक फवारणी टळली, तर मघाच्याच दराने २ लाख ४० हजार रुपये गावात राहतात. दोन मुलांचे तीन महिन्यांचे मानधन आणि सापळे यांचा खर्च या रकमेपुढे किती होतो, तो आपण आपल्या गावच्या दराने काढून पाहावा.